तू नाकारलेली जिलेबी

परिषद झाली, सुमन. आधी तेवढं सांगून टाकते, म्हणजे तू जिथे असशील तिथे स्वस्थ बसशील. नाहीतर मधेच "पुढे काय, पुढे काय" करशील आणि माझं सांगणं विस्कटेल. नेहमी विस्कटायचं, तसंच.

दिवाळी आटोपली आणि तू गेलीस. थंडी पडली आणि आपली परिषद भरली. मधले दिवस कसे गेले ते मी तुला सांगणार नाही. तुला रडकथा आवडत नाहीत. रेवा इंग्लंडहून आणि ईशान कॅनडाहून रोज फोन करतात, "आजी, जेवलीस का?" एवढंच विचारतात. त्या दोघांना तू सुट्टीतली सुमनआजी म्हणून माहीत. धुळ्याहून बसने येणारी, पिशवीतून लसणाची शेव काढणारी आणि चहा गार होईपर्यंत त्यांच्या आजीशी भांडणारी. परवा ईशानने विचारलं, "तुम्ही दोघी एवढं कशावरून भांडायचात गं?" हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले. लिहिते तुला, वाचतील ती दोघं. तुला पाठवायला पत्ता नाही, त्यांना निदान मेल जातो.

तर मुलांनो (बघ, सुमन, लगेच त्यांच्याकडे वळले, तू म्हणायचीस तशी मी जन्मभर वर्गातच उभी आहे), आमचं पहिलं भांडण पेपर तपासणीच्या केंद्रावर झालं. मी इंग्रजीची, ही राज्यशास्त्राची. मी अर्ध्या अर्ध्या गुणाचा विचार करत बसलेली आणि ही शेजारी बसून मोठ्याने म्हणते, "पोराने उत्तर चुकीचं लिहिलंय, पण काय मजेत लिहिलंय! देऊन टाकते चार." मी म्हटलं, हा इतर मुलांवर अन्याय आहे. झालं. तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही.

निवृत्त झाल्यावर लोक भजनी मंडळात जातात. तू मला म्हणालीस, "कुमे, आपण जगाचा विकास करू." जळगावच्या एका कॉलेजने हॉल दिला, तू पोरं गोळा केलीस, मी वेळापत्रक केलं. 'आंतरराष्ट्रीय विकास आणि जागतिक न्याय' असा फलक मी रंगवून घेतला. रिक्षात तो मांडीवर आडवा धरून आपण निघालो होतो, आठवतं? रिक्षावाल्याने आरशातून वाचला आणि विचारलं, "आंतरराष्ट्रीय म्हंजे मॅडम, कुठून कुठून येनार लोक?" तू क्षणाचाही विलंब न लावता म्हणालीस, "साक्रीपासून रावेरपर्यंत." तो म्हणाला, "मंग बरोबर हाये. एक दिवस पुरायचा नाही." मला फलकाची लाज वाटायला लागली होती. तू मात्र पोट दुखेपर्यंत हसत होतीस.

तुझं म्हणणं साधं होतं. जगात कुणाला किती मिळतं आणि का, हे कळायला विमानात बसावं लागत नाही. रेवा विकास शिकायला परदेशी निघाली तेव्हा तिला तू ओवाळलंस आणि वर टोमणा मारलास: "विकास व्हायचाय इकडे आणि शिकायला जातेय तिकडे! जा बाई, शिकून झालं की आम्हाला कळव आमचं काय चुकलं ते." रेवाने तो टोमणा मनावर घेतला. गेल्या वर्षी परिषदेत ती पडद्यावर आली, छान बोलली, तक्ते दाखवले. मुलं शांतपणे ऐकत होती. फार शांतपणे. मी घड्याळाकडे पाहत होते, तू मुलांकडे. मग रावेरचा हर्षल उठला. त्याच्या घरची केळीची बाग. तो म्हणाला, "ताई, तुमच्या तिकडे केळी कुठून येतात?"

रेवा उठून स्वयंपाकघरात गेली आणि एक केळं घेऊन आली. त्यावरची चिकटपट्टी कॅमेऱ्याजवळ धरली. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा देशाचं नाव. हर्षलने डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाला, "लई बारीक शे हो ताई. असं केळं आमच्या इथे ट्रकमध्येच चढत नाही." हॉल हसला. आणि त्या हशातून प्रश्न सुटले: मग त्यांचं तिथे कसं पोचतं, आमचं का नाही, भाव कोण ठरवतं, ते पिकवणारा तिकडचा माणूस आमच्यासारखाच असेल का. माझं वेळापत्रक तिथेच कोलमडलं. तू कोपऱ्यात खुर्चीवर मांडी घालून बसली होतीस आणि तुझा चेहरा एखाद्या लग्नघरासारखा दिसत होता.

पण त्याच दिवशी दुपारी ते जेवण झालं.

चिठ्ठ्यांची कल्पना तुझी, हे मुलांनी लक्षात ठेवावं. असा खेळ कुठेकुठे खेळतात, हे तू ऐकलं होतंस. जेवायला बसण्याआधी प्रत्येकाने चिठ्ठी उचलायची. लाल चिठ्ठीवाल्याला टेबलखुर्ची आणि भरलेलं ताट. पिवळीवाल्याला सतरंजी, भाकरी आणि ठेचा. पांढरीवाल्याने जमिनीवर बसायचं, नुसता भात खायचा, पाणीही स्वतः आणायचं. लाल थोड्या, पांढऱ्या पुष्कळ. जग कसं वाटलं गेलंय ते पोटाला कळावं, म्हणून. तू कल्पना सांगून मोकळी झालीस आणि चिठ्ठ्या कापायचं काम माझ्याकडे आलं. मी त्या पट्टीने आखून, सारख्या आकाराच्या कापल्या, सारख्या घड्या घातल्या. स्टीलच्या पातेल्यात ढवळल्या. कुणालाही तक्रारीला जागा नको.

मला लाल निघाली. तुला पांढरी.

"बघा रे पोरांनो," तू जमिनीवर बसता बसता ओरडलीस, "चिठ्ठ्या करणारीलाच लाल! जग असंच चालतं."

"सुमन, मी डोळे मिटून उचलली."

"मोठी माणसं डोळे मिटूनच उचलतात."

मागच्या अंगणात भरीत होत होतं. वाचताना रेवाला वास यावा म्हणून सांगते: मोठी, पांढुरकी हिरवी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, सालं काढून लाकडी भांड्यात ठेचलेली, त्यात हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे आणि तेल. तो वास आला की खानदेशातला माणूस भांडणही पुढे ढकलतो. अशा वासात शंभर पोरांना नुसत्या भातावर बसवायचं, हीच मुळात आपली चूक होती. खेळ कसला टिकतोय! लाल चिठ्ठीचा हर्षल टेबलावर जेमतेम पहिला घास घेऊन उभा राहिला आणि खाली बसलेल्यांना म्हणाला, "या ना भो. मले एकट्याले सरत नही एवढं." दोघे उठले. मग दहा उठले. टेबलं ढकलली गेली, सतरंज्या ओढल्या गेल्या, ताटं मधे आली. भरताची बादली घेऊन फिरणाऱ्या आचाऱ्यांनी चिठ्ठीचा रंग बघणंच सोडलं. "भुके पोरं समोर बसाडीसन कोन्हा खेळ व्हस का?" उपाशी पोरं समोर बसवून कसला खेळ, असं म्हणत ते वाढत सुटले. मी सत्रांची वेळ संपल्यावर वाजवायची माझी घंटा वाजवली. कुणी ऐकली नाही.

मला तर भरून आलं. आपल्याकडची मुलं शेजारच्याचं ताट रिकामं असताना जेवूच शकत नाहीत, हे मला मोठं वाटलं. आजही वाटतं. मी माझ्या ताटातली जिलेबी उचलली आणि तुझ्यापाशी गेले. तू जिलेबीसाठी काय काय करायचीस ते मला माहीत. लग्नात पंगतीतून उठून वाढप्याच्या मागे गेलेली तू.

तू भाताचा घास चावत होतीस. सगळ्या हॉलमध्ये एकटी तू नियमाप्रमाणे जेवत होतीस. तू, जिने आयुष्यात एक नियम पाळला नाही!

"घे."

"नको."

"सुमन, सगळ्यांनी वाटून घेतलं. बघ तरी."

"दिसतंय. पोरं गोड आहेत. पण मला सांग, उद्या हर्षलचं मन झालं नाही तर? त्याला भूक जास्त असली तर?" मग तू रागावलीस की यायची ती अहिराणी आली. "हाई न्याय नही शे कुमे, हाई दया शे. चिठ्ठ्या कोनी बनाड्यात, ते कोन्हीच इचारत नही."

"चिठ्ठ्या मी बनवल्या. तुझ्या सांगण्यावरून."

"तेच तर म्हणते. पुढच्या वर्षी ज्यांना जेवायचंय त्यांना ठरवू दे. तेव्हा खाईन तुझी जिलेबी."

तुझ्या शेजारी साक्रीकडची एक मुलगी बसली होती, तीही पांढऱ्या चिठ्ठीची. ती आपल्या दोघींकडे आळीपाळीने बघत होती, टेनिस बघावं तशी. मी जिलेबी परत नेली आणि रागाने स्वतः खाल्ली.

मुलांनो, हे ते भांडण. वर्षभर चाललं. मी म्हणायची, मन मोठं असेल तर नियमांची गरजच काय. तू म्हणायचीस, मनावर सोडलेली भाकरी कधीही बंद होऊ शकते. मी म्हणायची, तुझा न्याय कोरडा आहे. तू म्हणायचीस, तुझी दया लाल चिठ्ठी खिशात ठेवूनच खाली वाकते. सकाळी फोन, संध्याकाळी फोन. एकदा तू फोन केलास, मी उचलला, आणि तू "हॅलो" न म्हणता सरळ म्हणालीस, "आणि दुसरं असं की". मी विचारलं, पहिलं काय होतं? तू म्हणालीस, "ते मी मनातल्या मनात तुला सांगून झालं."

हसतेस काय. खरं आहे.

दिवाळीच्या आधी मी धुळ्याला आले ती शेवटची. तू पलंगावर, आवाज बारीक झालेला, पण डोळे तेच. तुझ्या वहिनींनी मला दारातच बजावलं होतं, "अक्का, तिला जास्त बोलू देऊ नका." मी आत आले आणि तू म्हणालीस, "यंदा चिठ्ठ्यांचं काय ठरलं?"

"आधी बरी हो. मग ठरवू."

"तू नको ठरवू. तेवढंच तर सांगतेय वर्षभर." मग दम खाल्लास आणि म्हणालीस, "आणि हे बघ, माझी शोकसभा घेतलीस तर बघ. फोटो, हार, दोन मिनिटं उभं राहायचं... पोरांना हसू येतं त्यात. परिषद घे. भरीत कर."

"उगाच काहीतरी बोलू नकोस."

"उगाच नाही. एक वर्ष चुकलं ना कुमे, की पुढच्या वर्षी हॉल मिळत नाही. तू वेळापत्रकवाली, तुला मी सांगायला हवं का?"

वहिनी सरबत घेऊन आल्या आणि मला डोळ्यांनी दटावू लागल्या. मी उठले. मला काहीतरी म्हणायचं होतं. तू बोलायला उभी राहिलीस की मला माझ्या घंटेचा राग यायचा, असं काहीसं. त्याऐवजी मी म्हटलं, "औषध वेळेवर घे." चाळीस वर्षं भाषा शिकवली मी!

तू गेल्यावर आठवड्याभरात प्राचार्यांनी बोलावलं. भले गृहस्थ आहेत, तुझ्याबद्दल फार चांगलं बोलले. मग म्हणाले, "मॅडम, यंदा परिषद राहू द्या. त्याच दिवशी श्रद्धांजली सभा घेऊ. पुढच्या वर्षी बघू." समोर फोटोची चौकट करायला दिल्याची पावती होती. मला तुझा आवाज ऐकू आला. 'पुढच्या वर्षी हॉल मिळत नाही.' तुझी शेवटची गोष्ट माझ्या हातात होती आणि मी "बरं" म्हटलं असतं तर ती तिथेच संपली असती. मी नेहमी "बरं" म्हणणारी बाई. मी म्हटलं, "सर, फोटो लावा. हार मी आणते. पण सभा नाही, परिषदच. आणि भरीत." ते म्हणाले, "दुखवट्यात भरीत?" मी म्हटलं, "तिची अट आहे." खरं म्हणजे तुझ्या अटी दोन होत्या. दुसरी मी त्यांना सांगितली नाही.

मग परवाचा दिवस. साक्री, शिरपूर, चोपडा, रावेर, सगळीकडून पोरं आली. स्वेटर, मफलर, बसमधून उतरून लाल झालेली नाकं. हॉलमध्ये तुझा फोटो. त्यात तू कुणावर तरी डाफरते आहेस, दुसरा चांगला फोटो वहिनींना सापडलाच नाही. मुलं त्याच्याकडे बघून आत येतानाच हसत होती. सकाळची सत्रं वेळेवर झाली. (हे तुला आवडणार नाही, पण झाली.)

जेवणाची वेळ झाली. मागे वांगी भाजून झाली होती, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी टोपलीत वाफ सोडत होत्या, जिलेब्या परातीत. मी व्यासपीठावर गेले. पातेलं होतं, आत चिठ्ठी नव्हती. मी म्हटलं, "भरीत भरपूर आहे, भाकरी भरपूर आहेत. जिलेब्या माणसांपेक्षा कमी आहेत. कुणी आधी बसायचं, कुणाला काय मिळायचं, ते तुम्ही ठरवा. तुमचं ठरेपर्यंत कुणी जेवणार नाही. मीसुद्धा नाही." आणि घंटा टेबलावर ठेवून खाली येऊन बसले. सुमन, हात मोकळे ठेवून बसणं किती कठीण असतं! मी शेवटी ते पदराखाली घेतले.

आधी सगळे एकदम बोलले. कुणी म्हणालं, सगळ्यांना सारखं, संपलं. कुणी म्हणालं, लांबून आलेले आधी. चोपड्याचा एक मुलगा म्हणाला, "ज्याला भूक जास्त, त्याला आधी." दुसरा म्हणाला, "मग तू रोजच पहिला." वाद रंगला, वास दरवळत होता, भरीत गार होत होतं. अर्धा हॉल उपाशीपोटी तत्त्वज्ञ झाला होता. मी घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं, दिसायलाच नको.

मग ती उठली. तुझ्या शेजारी बसलेली, टेनिस बघणारी. तिचं नाव ज्योती. तोवर तिचा आवाज मी ऐकलाच नव्हता. ती म्हणाली, "आपण आधी-नंतर भांडतोय ते फक्त बसणाऱ्यांचं. वाढणाऱ्यांचं कोणीच बोललं नाही." सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. "मी आणि आई लग्नसराईत वाढायला जातो. पंगतीची रीत अशी, की वाढणारा शेवटी बसतो. शेवटी काय उरतं ते मला माहीत आहे. रस्सा उरतो. गोड उरत नाही." तिने मागच्या दाराकडे बोट केलं. "त्यांनी पहाटेपासून वांगी भाजलीत. आधी ते बसतील. ज्यांनी कधी वाढलं नाही, ते वाढतील."

जळगावची शाहीन लगेच उभी राहिली, "हात वर करा, कोणी कोणी कधीच वाढलं नाही?" आधी कुणाचा हात वर येईना. मग मुलांचे यायला लागले, एक, दोन, रांगच्या रांग. पाहुण्यांचे आले. आणि मग, सुमन, अगदी हळू, प्राचार्यांचा.

तू असायला हवी होतीस. आचारी आणि भांडी घासणाऱ्या बायका पहिल्या पंगतीला, टेबलखुर्चीवर, अवघडून. "आमचं हातपाय बी धुतले नाहीत," म्हणत. प्राचार्य कोट घालून भरताची बादली घेऊन. "सर, कोट काढा." काढला. "सर, एवढंसं काय वाढताय, चमचा भरून घ्या." घेतला. "सर, वाकून!" वाकले. एक आचारी शेजारच्याला म्हणाला, "साहेब चांगलं वाढता. हातले वळण शे." प्राचार्य असे खूश झाले की त्यांनी त्याला तीनदा आग्रह केला. मी भाकऱ्यांची टोपली घेऊन फिरले. माझा गुडघा तुला माहीत आहे. त्याने त्या दिवशी एक शब्द काढला नाही. जिलेब्यांचं शाहीनने ठरवलं: पहिल्या पंगतीला अख्खी, बाकी सगळ्यांना अर्धी, आणि शेवटची परात कुणीही एकट्याने धरायची नाही.

मी शेवटच्या पंगतीला बसले. भरीत पार गार झालेलं, आणि तरी, शप्पथ, इतकं चविष्ट भरीत मी खाल्लं नाही. अजूनही तुला सांगते, हर्षल "या ना भो" म्हणाला ते लहान नव्हतं. ते नसतं तर ज्योतीचंही कुणी ऐकलं नसतं. या मुद्द्यावर मी हटणार नाही. बोल आता काय बोलायचं ते, मनातल्या मनात.

तेवढ्यात ज्योती आली. हातात परात, परातीत एकच जिलेबी, अख्खी. परातीची दुसरी बाजू शाहीनने धरलेली, नियमाप्रमाणे.

"मॅडम, ही सुमन मॅडमची."

"त्यांची कशी?"

"गेल्या वर्षी त्या म्हणाल्या होत्या ना, जेवणारे ठरवतील तेव्हा खाईन. मी शेजारीच होते. आम्ही सगळ्यांना विचारलं. सगळ्यांचा होकार आहे."

फोटोतली तू डाफरतच होतीस. मी जिलेबी घेतली. म्हटलं, आता कारणं नकोत, तुझी अट पुरी झाली. तुझ्या वतीने मीच खाते. ही दया वाटली तर वाटू दे.

गार झाली होती, सुमन. पाक सुटून कडकही झाली होती. तू म्हणाली असतीस, न्याय उशिरा आला की असाच होतो.

पण गोड होती गं.